धनू राशीतल्या कृष्णविवराभोवती फिरणारे तारे: इन्फ्रारेडमधून नेमकं काय दिसतं?

रात्रपाळी (धागालेखक)

कृष्णविवराचा तो केशरी कड्याचा फोटो पुन्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायला लागलाय, खाली ओळ 'नासाने टिपलेला'. नासाचा नाही तो. इव्हेंट होरायझन टेलिस्कोप नावाच्या, जगभर पसरलेल्या रेडिओ दुर्बिणींच्या जाळ्याने मिळवलेला आणि १२ मे २०२२ ला जाहीर झालेला आहे. पण धागा त्यासाठी काढलेला नाही. आपल्याच एका सदस्याने त्या फोटोखाली लिहिलं, "आता फोटो मिळाला, म्हणजे सिद्ध झालं." तिथे माझा आक्षेप आहे. आपल्या आकाशगंगेच्या मधोमध काय बसलंय हे फोटोच्या जवळपास वीस वर्षं आधीच कळलं होतं, आणि ते कळलं भोवती फिरणाऱ्या ताऱ्यांवरून. हे तारे डोळ्यांना दिसत नाहीत, नेहमीच्या दुर्बिणीतूनही दिसत नाहीत. इन्फ्रारेडमध्येच, म्हणजे तांबड्याच्या पलीकडच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या प्रकाशातच दिसतात.

आधी जागा सांगतो. विंचवाची नांगी, म्हणजे आपलं मूळ नक्षत्र, आणि धनू राशीतली ताऱ्यांची किटली यांच्या मधे, तोटीच्या किंचित पुढे. जूनच्या मध्यावर ही जागा मध्यरात्री दक्षिणेला सर्वांत वर येते. सोलापूरचा अक्षांश साडेसतराच्या थोडा पुढे आणि त्या जागेची क्रांती (आकाशातल्या विषुववृत्तापासूनचं अंतर) उणे २९ अंश, म्हणजे आपल्याकडून ती क्षितिजाच्या वर साधारण ४३ अंशांपर्यंत चढते. आता गंमत बघा. हवाई बेटांवरच्या मौना कीवर ज्या केक दुर्बिणीने या ताऱ्यांचा पाठलाग केला, तिचा अक्षांश २० च्या जवळ. तिथून हीच जागा ४१ अंशांवर येते. या एका बाबतीत सोलापूर केकच्या दोन अंश पुढे आहे! बाकी कशातच नाही. केक ४,१०० मीटरच्या वर, ढगांच्याही वर बसलेली, आपण साडेचारशे मीटरवर धुरळा खात बसलेलो.

अमावास्येच्या आसपास नान्नजच्या माळरानावर गेलात तर आकाशगंगेचा पट्टा दिसतो आणि नेमका या भागात तो मधोमध काळा पडलेला दिसतो. तिथे तारे नाहीत असं नाही, मधे धूळ आहे. पलीकडून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या सुमारे एक लाख कोटी कणांतला एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. मग दुर्बीण कितीही मोठी असो, उपयोग शून्य. पण तरंगलांबी वाढवत २.२ मायक्रॉनपर्यंत (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नेली की साधारण दहातला एक कण पोचतो. १९६८ मध्ये एरिक बेकलिन आणि गेरी नॉइगेबाउअर यांनी याच तरंगलांबीला आकाशगंगेच्या केंद्राची पहिली मोजमापं छापली. त्यांना दिसला तो तिथल्या असंख्य ताऱ्यांचा एकत्र उजेड. पुढे १९७४ मध्ये ब्रूस बॅलिक आणि रॉबर्ट ब्राउन यांना रेडिओत तिथेच एक अगदी लहान, ठळक ठिपका सापडला. त्यालाच आज सॅजिटेरियस ए-स्टार म्हणतात.

मग चार्ल्स टाउन्स. लेसरच्या मूळ कामासाठी १९६४ चं नोबेल मिळालेला हा माणूस नंतर बर्कलीत इन्फ्रारेड खगोलशास्त्रात उतरला. तापलेल्या निऑन वायूची १२.८ मायक्रॉनची रेषा मोजून त्याच्या गटाने दाखवलं की केंद्राजवळ वायू इतक्या वेगाने फिरतोय की आत काही दशलक्ष सूर्यांचं वस्तुमान हवं. पण शंकेला जागा होती आणि शंका रास्त होती. वायूला ताऱ्यांचे वारे ढकलतात, चुंबकीय क्षेत्रं ओढतात, त्याच्या वेगावरून फक्त गुरुत्वाकर्षणाचा हिशोब कसा लावणार? तारा मात्र ढकलला जात नाही. तो गुरुत्वाकर्षण सांगेल तसाच जातो. म्हणून एकेक तारा सुटा ओळखून त्याची वर्षानुवर्षं नोंद ठेवणं, एवढाच खात्रीचा मार्ग उरला.

ते काम दोन गटांनी केलं. टाउन्सकडे काम केलेला राइनहार्ड गेंझेल आणि त्याचे सहकारी १९९२ पासून चिलीत, आधी ला सियावरच्या साडेतीन मीटरच्या दुर्बिणीवर, मग पारानालच्या व्हीएलटी या आठ मीटरच्या दुर्बिणींवर. आणि १९९५ पासून अँड्रिया गेझ केकच्या दहा मीटरवर. एक गट दक्षिण गोलार्धातून, दुसरा उत्तरेतून, आणि दोघांत चांगली चुरस. २०२० चं अर्धं नोबेल दोघांत वाटलं गेलं, उरलेलं अर्धं रॉजर पेनरोजला, कृष्णविवरांच्या गणिती सिद्धांतासाठी.

आता मुख्य पात्र: एस-टू नावाचा तारा. (गेझचा गट त्याला एस-झिरो-टू म्हणतो, तारा तोच.) तो या कृष्णविवराभोवती १६.०५ वर्षांत एक फेरी मारतो. २००२ मध्ये तो अगदी जवळून वळला, त्याच वर्षी गेंझेल गटाने त्याची कक्षा प्रसिद्ध केली आणि माझ्या मते खटला तिथेच निकालात निघाला. पुढचं वळण १९ मे २०१८ ला. त्या वेळी अंतर सूर्य-पृथ्वीच्या १२० पट आणि वेग सेकंदाला ७,७०० किलोमीटरच्या आसपास. हुतात्मा एक्सप्रेस त्या वेगाने धावली तर एका सेकंदात चौदा वेळा पुण्याला जाऊन परत सोलापुरात येईल.

बाकीचं प्रतिसादांत बोलू. मंडळी, शंका येऊ द्या.

शेंगाचटणी

लई भारी. वाचनखूण साठवली. एकच शंका: दहातला एक कण २.२ ला येतो, तर मग आणखी पुढे जायचं, पाच मायक्रॉन, दहा मायक्रॉन. धूळ आणखी पारदर्शक होईल ना? तिथेच का थांबले?

वर्णपट_ताई

माहेर बाळीवेस, सध्या पुण्यात, पीएचडी खगोलशास्त्रातच पण विषय वेगळा. शेंगाचटणी यांचा प्रश्न बरोबर जागी लागलाय.

दोन अडचणी आहेत. पहिली उष्णता. मे महिन्यात रात्री अकराला गच्चीत झोपायला गेलात तरी स्लॅब अंगाला जाणवतो, कारण तो इन्फ्रारेड फेकत असतो. पण तो गार झाला म्हणून फेकायचा थांबत नाही. नेहमीच्या तापमानाची कुठलीही वस्तू दहा मायक्रॉनच्या आसपास सर्वांत जास्त उजळते: स्लॅब, माणूस, दुर्बिणीचा आरसा, तिचा सांगाडा, वरची हवा, सगळं. म्हणजे दहा मायक्रॉनला निरीक्षण करताना दुर्बीण स्वतःच उजेड पाडत असते आणि त्या उजेडातून तारा वेगळा काढायचा असतो. २.२ ला हा त्रास पुष्कळ कमी. तरीही कॅमेऱ्याच्या आतले भाग शून्याच्या खूप खाली गार ठेवावे लागतात, नाहीतर कॅमेरा स्वतःचाच फोटो काढेल.

दुसरी अडचण बारकाव्याची. तरंगलांबी वाढली की त्याच आरशातून दिसणारा ठिपका त्या प्रमाणात फुगतो. आठ मीटरच्या आरशाला २.२ मायक्रॉनवर सुमारे ०.०६ विकलेपर्यंतचा बारकावा मिळतो (विकला म्हणजे अंशाचा ३६०० वा भाग, पंचांगवाल्यांना माहीत आहे). दहा मायक्रॉनला तो पाव विकलेच्या वर जातो. आणि एस-टूची अख्खी कक्षा आकाशात जेमतेम पाव विकलेत मावते! मग काय उरलं बघायला?

धूळ, वातावरणाची खिडकी, उष्णता आणि बारकावा, या सगळ्यांच्या तडजोडीत दोन ते अडीच मायक्रॉनचा पट्टा जिंकतो. ३.८ मायक्रॉनलाही काम चालतं, पण ते मुख्यतः गरम धूळ शोधायला.

होटगीरोड

मी जरा वेगळं बोलणार, राग नको. हे सगळे फोटो कॉम्प्युटरने साफ केलेले असतात. हवा हलते, ठिपके पसरतात, मग सॉफ्टवेअर ठिपके 'काढून देतं'. आपल्याला हवा तसा ठिपका निघाला नसेल कशावरून? विज्ञान म्हणून विश्वास ठेवायचा, मग देवळातल्या विश्वासापेक्षा वेगळं काय?

कडकभाकरी

झालं. पॉपकॉर्न घेऊन बसतो. नाही, पॉपकॉर्न नको, हुरडा.

रात्रपाळी

@होटगीरोड, राग कसला, हाच प्रश्न त्या दोन गटांनी एकमेकांना कित्येक वर्षं विचारला.

पद्धत कशी बदलली ते बघा. सुरुवातीला स्पेकल: सेकंदाच्या दहाव्या भागाएवढी, म्हणजे हवा जणू गोठलेली असतानाची हजारो चित्रं घ्यायची आणि जुळवून एक करायची. यात सॉफ्टवेअरचा हात मोठा, हे मान्य. मग अ‍ॅडाप्टिव्ह ऑप्टिक्स आलं. तिथे हवेने बिघडवलेला प्रकाश कॅमेऱ्यात पोचायच्या आधीच दुरुस्त होतो. एक पातळ आरसा सेकंदाला शेकडो वेळा आकार बदलून हवेचा परिणाम उलटा करत राहतो. त्याला संदर्भासाठी ठळक तारा लागतो. तो जवळ नसेल तर सुमारे ९० किलोमीटर उंचीवरच्या सोडियमच्या थरावर पिवळा लेसर मारून कृत्रिम तारा तयार करतात. आणि २०१६ पासून ग्रॅव्हिटी नावाचं उपकरण पारानालच्या आठ मीटरच्या चारही दुर्बिणींचा प्रकाश एकत्र आणतं. बारकाव्यापुरती ती सुमारे १३० मीटरची एक दुर्बीण होते.

तीन तंत्रं, तीन पिढ्यांचे कॅमेरे, दोन गोलार्ध, दोन स्पर्धक गट. प्रत्येकाच्या चुका वेगळ्या असणार. आणि एस-टूची कक्षा सगळ्यांना एकच मिळते. शिवाय नुसती जागा नाही, वर्णपटही आहे. तारा आपल्याकडे येतो तेव्हा हायड्रोजनची २.१६६ मायक्रॉनची रेषा निळ्या बाजूला सरकते, दूर जातो तेव्हा तांबड्या बाजूला. फोटोवरून काढलेली कक्षा आधीच सांगते की अमुक महिन्यात रेषा कुठे असायला हवी. ती तिथे सापडते. सॉफ्टवेअरने ठिपका चुकीचा काढला असता तर वर्णपट त्याच्या खोटेपणात सामील झाला नसता.

गणित_निवृत्त

मी शाळेत गणित शिकवत होतो, नऊ वर्षांपूर्वी निवृत्त झालो. होटगीरोड यांनी विश्वासाबद्दल विचारलं म्हणून सांगतो, विश्वास नका ठेवू, वही घ्या. केप्लरचा तिसरा नियम आपल्याकडे अकरावीला असतो. अंतर सूर्य-पृथ्वीच्या पटीत आणि काळ वर्षांत घेतला तर

मध्यवर्ती वस्तुमान (सूर्याच्या पटीत) = कक्षेच्या अर्ध्या लांबीचा घन ÷ काळाचा वर्ग

एस-टूच्या कक्षेची अर्धी लांबी ०.१२५ विकला. अंतर ८,२७७ पार्सेक, म्हणजे २७ हजार प्रकाशवर्षं. पार्सेकची व्याख्याच अशी सोयीची आहे की विकला गुणिले पार्सेक केलं की उत्तर थेट सूर्य-पृथ्वी अंतरात येतं: ०.१२५ × ८,२७७ = १,०३५.

१,०३५ चा घन ११० कोटी ८७ लाख.
१६.०५ चा वर्ग २५७.६.
भागाकार सुमारे ४३ लाख.

त्रेचाळीस लाख सूर्य. गेंझेल गटाचं प्रसिद्ध मूल्यही ४३ लाखच आहे. नातीकडून हा हिशोब करून घेतला, तिला कॅल्क्युलेटरही लागला नाही. म्हणजे लागला, पण घनापुरता.

आता पुढचा मुद्दा. एवढं वस्तुमान १२० सूर्य-पृथ्वी अंतरांच्या आतच असलं पाहिजे, नाहीतर तारा तिथून तसा वळलाच नसता. त्रेचाळीस लाख तारे त्या जागेत कोंबले तर ते दिसतील तरी, किंवा एकमेकांवर आदळून गोंधळ माजेल. तिथे इन्फ्रारेडमध्ये दिसतो तो एक अंधुक, लुकलुकणारा ठिपका. होटगीरोड, तुम्हीच सांगा दुसरं काय असू शकतं.

होटगीरोड

सर, हिशोब स्वतः करून बघितला. जमला. मान्य. पण मग तारा इतक्या जवळून जातो तरी गिळला कसा जात नाही?

पाच्छापेठी

गुरुजी तुम्ही लई सोपं करून सांगलालाव, आमच्या वेळी असे मास्तर असते तर मी नापास झालो नसतो. होटगीरोडचाच प्रश्न माझापण.

गणित_निवृत्त

सूर्याएवढ्या वस्तुमानाचं कृष्णविवर केलं तर त्याची त्रिज्या सुमारे तीन किलोमीटर. त्रेचाळीस लाखांचं म्हणजे सव्वा कोटी किलोमीटरच्या थोडं वर. एस-टूचं सर्वांत कमी अंतर १,८०० कोटी किलोमीटर. म्हणजे त्रिज्येच्या चौदाशे पट लांबून तो जातो. कृष्णविवर ओढून घेतं म्हणजे काय, हे आपल्या मनात सिनेमाने बसवलंय. लांबून त्याचं गुरुत्वाकर्षण तेवढ्याच वस्तुमानाच्या दुसऱ्या कशासारखंच. तारा फाटायला त्याला सूर्य-पृथ्वी अंतराच्या आसपास तरी यावं लागेल.

जुळे_सोलापूर

छान धागा. जेम्स वेब असताना हे जमिनीवरच्या दुर्बिणींचं कौतुक कशाला? ती तर इन्फ्रारेडचीच आहे.

वर्णपट_ताई

कारण वेबचा आरसा साडेसहा मीटरचा. वातावरण नाही, पार्श्वभूमीची उष्णता नाही, अंधुक वस्तूंसाठी तिला तोड नाही. पण बारकावा आरशाच्या व्यासावर ठरतो आणि केक दहा मीटरची आहे. इतक्या दाट गर्दीत बारकावाच हवा. ग्रॅव्हिटीच्या १३० मीटरसमोर तर प्रश्नच नाही.

वेबने वेगळं काम केलं. २०२३-२४ मध्ये वेगवेगळ्या वेळी मिळून ४८ तास सॅजिटेरियस ए-स्टारवर नजर ठेवली, दोन तरंगलांब्यांवर एकाच वेळी. तो ठिपका कधी शांत नसतोच असं दिसलं. सारखी लुकलुक आणि मधेच मोठे भडके. जमिनीवरून असं सलग बघता येत नाही, सकाळ होते.

भडक्यांवरून आठवलं. केकवर मे २०१९ मध्ये हा ठिपका इतका उजळला की निरीक्षकांना आधी तो एस-टूच वाटला. दोन तासांत उजेड ७५ पटींनी बदलला. त्याच्या आदल्या वर्षी ग्रॅव्हिटीने त्याहून महत्त्वाचं काही पकडलं होतं. भडक्याच्या वेळी प्रकाशाची जागाच वर्तुळात सरकत होती, प्रकाशवेगाच्या सुमारे ३० टक्के वेगाने, एका फेरीला पाऊण तासाच्या आसपास. तो तारा नव्हे, कृष्णविवराच्या अगदी कडेला फिरणारा तापलेला वायू. धाग्याच्या शीर्षकात 'तारे' आहे, पण सर्वांत जवळून फिरताना पकडलेली गोष्ट ही आहे. माझ्यासाठी या सगळ्या विषयातलं सर्वांत थरारक मोजमाप.

शेंगाचटणी

पाऊण तासात फेरी! अंगावर काटा आला.

दुसरं, ती जी-टू भानगड काय होती? २०१४ ला पेपरात आलं होतं की कृष्णविवर ढग गिळणार, आतषबाजी होणार. मग काहीच आलं नाही.

रात्रपाळी

कारण काहीच झालं नाही. :)

जी-टू २०१२ च्या सुरुवातीला 'नेचर'मध्ये आला. गेंझेल गटाचं म्हणणं, हा वायूचा ढग आहे, पृथ्वीच्या तिप्पट वस्तुमानाचा. ३.८ मायक्रॉनला त्याची धूळ दिसत होती, हायड्रोजनच्या रेषेत वायू. कृष्णविवराजवळून जाताना तो ताणला जाईल, तुटेल, थोडा आत पडेल आणि आपल्याला जेवण बघायला मिळेल असा अंदाज. जगभरच्या दुर्बिणींनी वेळ राखून ठेवला. २०१४ मध्ये तो वळला आणि धुळीचा ठिपका होता तसाच पलीकडे निघाला. गेझ गटाने म्हटलं, नुसता ढग असता तर असा टिकला नसता, आत तारा असणार, बहुधा जोडीतले दोन तारे एकमेकांत मिसळून झालेला आणि धुळीत गुरफटलेला. दुसऱ्या बाजूने अजून ढगाचा मुद्दा सोडलेला नाही. २०२० च्या जानेवारीत गेझ गटाने अशा आणखी चार वस्तू दाखवल्या, जी-थ्री ते जी-सिक्स. म्हणजे ही एकटीदुकटी विचित्र वस्तू नाही, वर्गच आहे. मला स्वतःला ताऱ्याची बाजू पटते, पण मी पैज लावणार नाही.

अक्कलकोट_नाका

मी वाचलं होतं की एस-टू आता मागे पडला, दहा वर्षांत फेरी मारणारा एस-सिक्स्टीटू सापडला, मग चार वर्षांचाही सापडला. धागालेखक जुन्याच ताऱ्यावर का अडलेत?

रात्रपाळी

मुद्दाम अडलोय. तुम्ही म्हणता ते दोन्ही एकाच गटाचे दावे, २०२० आणि २०२२ मधले. एस-सिक्स्टीटूबद्दल ग्रॅव्हिटीच्या निरीक्षणांत असं निघालं की तो ठिपका सावकाश सरकणारा आहे, अशी झपाट्याने फेरी मारणारा नव्हे. म्हणजे वेगवेगळ्या वर्षांचे वेगवेगळे ठिपके एकाच ताऱ्याचे म्हणून जोडले गेल्याची शक्यता. मधोमध इतकी गर्दी आहे की अंधुक तारे एकमेकांवर येतात, एक ठिपका दोन वर्षं दिसतो, मग दुसऱ्यात मिसळतो. होटगीरोड यांची सुरुवातीची शंका इथे चपखल बसते. एस-टूच्या बाबतीत ती चालत नाही, कारण तो ठळक आहे, वर्णपट मिळतो आणि १९९२ पासून धरलं तर पूर्ण फेरीहून जास्त पाठलाग झालाय.

विक्रमाच्या बातम्या म्हणून मी थोडं थांबून वाचतो. 'आजवरचा सर्वांत जवळचा तारा' या मथळ्यापेक्षा, दुसऱ्या गटाला तो दिसला का, हे आधी बघायचं. दोन उदाहरणं भक्कम आहेत. गेझ गटाचा एस-झिरो-वनझिरोटू, साडेअकरा वर्षांच्या फेरीचा म्हणून २०१२ मध्ये जाहीर झालेला. तो ग्रॅव्हिटीलाही दिसतो, त्यांच्या यादीत त्याचं नाव एस-फिफ्टीफाइव्ह. आणि एस-ट्वेंटीनाइन: २०२१ च्या मे अखेरीस सूर्य-पृथ्वीच्या ९० पट अंतरावरून, सेकंदाला ८,७४० किलोमीटरने गेला. त्याची फेरी लांब आहे, पण त्या वळणावर तो एस-टूलाही मागे टाकतो.

कडकभाकरी

बाकी सगळं समजलं, आईनस्टाईन कुठे आले यात? केप्लरवरच काम भागलं की.

वर्णपट_ताई

वस्तुमानापुरतं भागलं. २०१८ च्या वळणावर नाही भागलं. तिथे एस-टूच्या प्रकाशात नेहमीच्या डॉप्लरने (तारा जवळ-दूर जाताना रेषा सरकते त्याने) समजावता येत नाही, पण आईनस्टाईनच्या सापेक्षतेत बसतं असं जादा तांबडेपण मोजलं गेलं, वेगाच्या भाषेत सेकंदाला सुमारे २०० किलोमीटर. त्यातला काही भाग ताऱ्याच्या वेगामुळे त्याचं घड्याळ मंद चालल्याचा, उरलेला गुरुत्वाकर्षणातून बाहेर पडताना प्रकाशाची ऊर्जा कमी झाल्याचा. ग्रॅव्हिटीने २०१८ मध्येच जाहीर केलं, केकच्या गटाने पुढच्या वर्षी स्वतंत्रपणे. मग २०२० मध्ये आलं की एस-टूची कक्षा बंद होतच नाही, दर फेरीला सुमारे १२ कलांनी (कला म्हणजे ६० विकला) पुढे फिरते. बुधाची कक्षा याच, सापेक्षतेच्या, कारणाने शतकाला ४३ विकला फिरते. इथे एका फेरीत ७२० विकला.

यातून आणखी एक निघतं. कृष्णविवराभोवती न दिसणारं वस्तुमान, मेलेले तारे वगैरे, पसरलेलं असतं तर कक्षा उलट्या दिशेने फिरली असती. तसं दिसत नाही. एस-टूच्या कक्षेच्या आत जे काही आहे ते जवळजवळ सगळं मधल्या बिंदूतच आहे.

पाच्छापेठी

ताई, नोबेलमध्ये आपलं कोण होतं का? दरवेळी आपलं नाव कुठेच नाही.

वर्णपट_ताई

बक्षिसात नाही, पायात आहे. पेनरोजच्या सिद्धांतात जे समीकरण वापरलंय ते कोलकात्याच्या अमल कुमार रायचौधुरींचं, १९५५ चं. त्यांच्याच नावाने ओळखलं जातं. नोबेल समितीच्या शास्त्रीय टिपणात त्याचा उल्लेख आहे.

आणि तीस मीटरच्या थर्टी मीटर टेलिस्कोपमध्ये भारत भागीदार आहे. तिचा आरसा ४९२ तुकड्यांचा, त्यातले काही आपल्याकडे घासले जायचे आहेत. प्रकल्प मौना कीवरच्या वादात अडकलाय, त्यामुळे युरोपची ३९ मीटरची दुर्बीण, पारानालजवळच, आधी सुरू होईल असं दिसतं.

दक्षिण_कसबा

मूक वाचक, पहिल्यांदा लिहितेय. इतक्या जवळ हे तारे आले कुठून? तिथे तर ढगसुद्धा टिकत नाही म्हणता, मग तारा जन्मेल कसा?

रात्रपाळी

पहिलाच प्रतिसाद आणि नेमका सर्वांत अवघड प्रश्न!

एस-टू हा तरुण, निळा, सूर्याच्या तेरा-चौदा पट वस्तुमानाचा तारा आहे. असे तारे फार जगत नाहीत, त्याचं वय दीड कोटी वर्षांच्या आतलं. म्हणजे दुरून रमतगमत यायला त्याला वेळच नव्हता. आणि तिथे जन्मावं तर कृष्णविवर वायूला ताणून तारा होऊच देत नाही. २००३ पासून गेझ याला तारुण्याचं कोडं म्हणत आल्यात.

सध्या जास्त मानलं जाणारं उत्तर असं: जोडतारा कृष्णविवराजवळ गेला की जोडी फुटते. एक तिथेच अडकतो, लांबट कक्षेत. दुसरा प्रचंड वेगाने बाहेर फेकला जातो. मग असे फेकलेले तारे सापडायला हवेत. २०१९ मध्ये एक सापडलाही, सेकंदाला सुमारे १,७०० किलोमीटरने पळणारा. त्याचा मार्ग मागे नेला तर तो बरोबर आकाशगंगेच्या केंद्रातून, सुमारे ५० लाख वर्षांपूर्वी निघालेला दिसतो. त्याचा जोडीदार कदाचित आज या ठिपक्यांत असेल. कुठला, ते सांगायची सोय नाही.

दक्षिण_कसबा

धन्यवाद. म्हणजे जोडी फुटल्यावर एकाचा पत्ता माहीत आणि दुसऱ्याचा नाही. माझ्या मुलीने विचारलं होतं, तिला सांगते.

होटगीरोड

शेवटचा प्रश्न, मग गप्प बसतो. कृष्णविवर स्वतःभोवती किती फिरतं हे या ताऱ्यांवरून कळलं का?

वर्णपट_ताई

एस-टूवरून नाही. कृष्णविवराच्या फिरण्याचा परिणाम अंतर वाढलं की फार झपाट्याने कमी होतो आणि चौदाशे पटींवर तो मोजण्याच्या पलीकडे जातो. त्याच्या कित्येक पट आत जाणारा, तरीही सुटा ओळखता येईल असा तारा लागेल. असे तारे असलेच तर अंधुक असणार, म्हणून ३९ मीटरची वाट बघणं चाललंय. ग्रॅव्हिटीचंही नवं रूप येतंय, आणखी अंधुक तारे पकडायला.

एस-टू पुन्हा वळेल २०३४ च्या मध्यावर.

गणित_निवृत्त

तोपर्यंत नात बारावी होऊन पुढे गेलेली असेल. होटगीरोड, तुम्ही गप्प नका बसू. येत्या अमावास्येला नान्नजकडे जायचं ठरवतोय, दुर्बीण रात्रपाळी यांची, गाडी माझी. विंचवाची नांगी आणि किटली दाखवतो, बाकी तिथे काही दिसणार नाही हे आधीच सांगून ठेवतो. कोण कोण येणार ते इथेच लिहा.

कडकभाकरी

मी. चटणी-भाकरी माझ्याकडे.

शेंगाचटणी

चटणी माझ्याकडे, आयडीची इज्जत आहे.